पाठमोऱ्या माणसाची साक्ष

सलूनवाला म्हटला की तो बोलघेवडा असणार, असं आपण सगळेच धरून चालतो. घुम्या याला सणसणीत अपवाद होता. घुम्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव गल्लीत कुणाला विचारलंत तर माणूस डोकं खाजवत बसेल. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, गळ्याभोवती कापड आवळलं, की तो एकच प्रश्न विचारायचा, "बारीक की मध्यम?" त्यानंतर जी मिठाची गुळणी धरायचा ती गिऱ्हाईक उठेपर्यंत. लोकांना यानं अवघडल्यासारखं होत असेल असं वाटत असेल, तर तुम्ही माणसांना ओळखत नाही. गप्प माणसासमोर बोलायला जी मजा येते ती कुठेच येत नाही. साहेबाच्या चुगल्या, भावाभावांतले वाद, सासूची दुखणी, सुनेचं माहेर, सगळं त्याच्या कानात ओतून लोक डोक्यानं हलके होऊन जायचे. एकाचं दुसऱ्याला कळलं, असं कधी झालं नाही.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर आरसे. खुर्चीत बसलं की समोर आपलं तोंड, त्याच्यामागे आपली पाठ, तिच्यामागे पुन्हा तोंड, अशी रांग आत आत जाऊन हिरवट होत विरून जायची. घुम्या कायम गिऱ्हाइकाच्या मागे उभा, त्यामुळे लोकांनी त्याला पाहिला होता तो आरशातच. तोच माणूस रस्त्यात समोर आला की लोक क्षणभर गोंधळायचे. भांग उलट्या बाजूला वाटायचा, चेहरा ओळखीचा पण चुकीचा वाटायचा, आणि मग मान हलवावी की नाही हे ठरेपर्यंत तो पुढे निघून गेलेला असायचा.

घरी त्याच्या वाटचं बोलायचं काम बायकोकडे होतं आणि ती ते आनंदानं करायची. ती चष्म्याच्या दुकानात नोकरीला. दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावून संध्याकाळी घरी यायची आणि चहा ठेवता ठेवता सुरू व्हायची. "मी एका खांबाशी लग्न केलंय," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "पण खांब बरा आहे. कलत नाही." या कौतुकानं घुम्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. संसार उत्तम चालला होता.

त्यात एक दिवस माहितीपटवाल्या बाई आल्या. त्या आखूड केस ठेवायच्या आणि मानेवरचे वाढले म्हणून सहज शिरल्या होत्या. घुम्यानं कापड बांधलं, मागच्या फळीवरची कात्री घ्यायला वळला, आणि आरशात बघणाऱ्या बाई एकदम म्हणाल्या, "जरा हलू नका."

हे वाक्य खरं तर त्याचं. तो तसाच थांबला.

"तसेच उभे राहा. पाठ माझ्याकडे. मान थोडी डावीकडे." बाईंचा आवाज बारीक झाला होता. मग त्यांनी स्वतःच कापड सोडलं, उठून त्याच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तुम्हाला कुणी सांगितलं नाही का? तुम्ही पाठमोरे हुबेहूब त्याच्यासारखे दिसता."

'तो' म्हणजे बातमीदार. त्याची गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती, फक्त मोठ्यानं कुणी बोलत नव्हतं. वरच्या धरणाचे दरवाजे भरदिवसा, खाली कुणाला न सांगता उघडले होते आणि नदीकाठची अख्खी वस्ती वाहून गेली होती. मेलेले मोजकेच, असं सरकारनं जाहीर केलं. मग बाकीची माणसं गेली कुठे? तर ती आपणहून दुसरीकडे राहायला गेली. कागदावर त्यांना 'स्थलांतरित' म्हटलं गेलं. बातमीदार त्या शब्दाच्या मागे लागला. कोणत्या गावी स्थलांतर झालं, ते दाखवा म्हणाला. स्वतः ती गावं फिरला आणि तिथे यातलं कुणी कधी आलंच नव्हतं, हे त्यानं छापून दाखवलं. एका मंत्र्याची खुर्ची गेली. आणखी दोघांची हलायला लागली होती. तेवढ्यात, थोडी माहिती हवी आहे म्हणून बातमीदाराला खात्याच्या कचेरीत बोलावलं आणि तो तिथून परत आला नाही. सरकारचं म्हणणं, तो पुढच्या दारानं बाहेर पडला, बसस्थानकावर गेला आणि बसमध्ये बसून निघून गेला. चौकशीत एका अधिकाऱ्यानं तर बेलाशक सांगितलं, "स्थलांतरित झाला असावा." सांगताना त्याची जीभ अडखळली नाही, याचं लोकांना जास्त भय वाटलं.

बाई त्याच्यावर माहितीपट करत होत्या. बातमीदाराचं बोलतानाचं चित्रण भरपूर होतं, पण तो कचेरीत शिरला, चालला, बाहेर पडला, हे काहीच नव्हतं. "चेहरा दाखवायचा नाही," त्या म्हणाल्या, "फक्त पाठ. कराल?"

नाही म्हणायचं तर चार वाक्यं बोलून कारण द्यावं लागलं असतं. हो म्हणायला मान हलवली की भागतं. घुम्यानं मान हलवली. संध्याकाळी बायको म्हणाली, "सिनेमात घेतला आणि तोंड दाखवायचं नाही म्हणे. त्यांना तुझी पारख झालेली दिसते." पण ती खूश होती.

चित्रण एका बंद पडलेल्या कचेरीत झालं. लांब बोळ, दोन्ही बाजूंना बंद दारं, फरशीवर धूळ. बातमीदाराची थोरली बहीण त्याचा कोट घेऊन आली होती. बाईंनी ओळख करून द्यायच्या आत घुम्या कोट चढवून बोळाच्या टोकाकडे तोंड करून उभा राहिला होता. कोट खांद्यावर असा बसला, जणू मापानं शिवलेला. खिशात हात घातला तर बोटं थेट तळाच्या उसवलेल्या शिवणीत गेली आणि तिथेच रमली. तो चालायला लागला. दहाबारा पावलं गेला असेल, मागून आवाज आला, "थांब ना रे."

ती बहीण होती. तिच्या तोंडून ते निघून गेलं होतं आणि तिनं स्वतःचं तोंड पदरानं दाबून धरलं होतं. घुम्या वळणार तेवढ्यात ती घाईघाईनं म्हणाली, "नका, नका वळू. चालू द्या." चित्रण करणारा पोरगेलासा माणूस नंतर चहा पिताना म्हणाला, "वहिनी म्हणा, ताई म्हणा, कुणी रडलं की मला काही वाटत नाही, सवय आहे. पण ही बाई हसत होती हो."

शेवटचं दृश्य बसस्थानकाचं. सरकार काय म्हणतंय तेही दाखवायला हवं, असं बाईंचं म्हणणं. परवानगी मागितली तर मिळणार नव्हती, म्हणून भरदुपारी गर्दीत, खांबावर उंच कॅमेरा बांधून ते उरकलं. कोट घातलेला माणूस गर्दीतून येतो, बसच्या दारात क्षणभर थबकतो, चढतो, बस जाते. नंतर त्यातला रंग काढून टाकला, दाणेदार केलं आणि ते अगदी बसस्थानकावरच्या पहाऱ्याच्या कॅमेऱ्यातून आल्यासारखं दिसायला लागलं. अशा रचलेल्या दृश्याखाली 'नाट्यरूपांतर' अशी पट्टी टाकतात. पण ती सगळी जुळवाजुळव झाल्यावर, अगदी शेवटी टाकायची या लोकांची रीत. आणि माहितीपट येतोय हे लोकांना कळावं म्हणून बाईंच्या माणसानं जो छोटा तुकडा आधीच बाहेर सोडला, त्यात नेमकं तेच दृश्य होतं आणि पट्टी नव्हती. पट्टी टाकायचं काम आपलं नव्हे असं त्याला वाटलं. ज्याचं काम होतं त्याला तुकडा बाहेर गेल्याचं ठाऊक नव्हतं.

तो तुकडा या फोनवरून त्या फोनवर फिरला आणि फिरता फिरता त्याच्या पुढचं-मागचं सगळं गळून गेलं. उरलं ते एवढंच, की कोट घातलेला माणूस बसमध्ये चढतो. लोक एकमेकांना सांगू लागले, बघा, जिवंत आहे, आपल्या पायांनी गेलाय. काहींना बरं वाटलं, काहींना राग आला. एवढं सगळं पेटवून हा पठ्ठ्या खुशाल पाठ फिरवून गेला, असं म्हणणारे निघाले. दुकानात, खुर्चीत बसूनच, एक निवृत्त शिक्षक म्हणाले, "पाठीवरूनच कळतं, पळपुटा माणूस." घुम्या तेव्हा त्यांच्या मागेच उभा होता, हातात वस्तरा घेऊन.

त्यानंतर त्याच्या मागे लोक लागले. कुणी वाईट हेतूनं नव्हे. तो रस्त्यानं चालला असला की मागून कुणीतरी बातमीदाराचं नाव घेऊन हाक मारायचं. तो वळला की हाक मारणाऱ्याचं तोंड पडायचं. बाजारात एका म्हाताऱ्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि नुसता ठेवूनच राहिला. वस्तीतून वाचलेला होता. घुम्या वळला नाही. म्हाताऱ्यानं हात काढला तेव्हा कुठे तो पुढे चालू लागला, आणि कोपऱ्यावर गेल्यावर त्याला कळलं की आपण त्याच्या, त्या दुसऱ्याच्या चालीनं चालतोय. चित्रणाच्या वेळी बाईंनी शिकवलं होतं, डावा खांदा किंचित पुढे टाकायचा. तो खांदा आता मागे यायला तयार नव्हता.

बहीणही यायला लागली. दुपारी दुकान रिकामं असताना यायची, भिंतीकडच्या बाकावर बसायची आणि बघत राहायची. तिला केस कापायचे नव्हते, काही विचारायचं नव्हतं. घुम्या कामात असल्यासारखं दाखवत समोरच्या फळीवरच्या बाटल्या पुसायचा, पाठ तिच्याकडे ठेवून. आरशात त्याचा चेहरा दिसू नये म्हणून ती बाकाच्या अगदी टोकाला सरकून बसायची. एकदा मात्र ती बोलली. "दोन वर्षं झाली, कुठे बेवारशी माणूस सापडला की मला बोलावतात. मी जाते. चादर उचलतात. मी नाही म्हणते. परत येते." मग थोड्या वेळानं, "तुम्ही वळलात की तो जातो. म्हणून म्हणते, वळू नका." तिला हाकलून द्यावं इतकं घुम्याला भय वाटलं, आणि हाकलून देणं शक्यच नाही इतकी तिची दया आली. ती गेल्यावर त्यानं हातातला लहान आरसा डोक्यामागे धरून, जसं तो रोज गिऱ्हाइकांना दाखवायचा तसं, स्वतःला स्वतःची मान दाखवली. मान कुणाची आहे हे त्याला सांगता येईना. त्यानं आरसा खाली घेतला. समोरच्या रांगेतल्या, अगदी आतल्या, हिरवट पाठींपैकी एकीनं तो जरा उशिरा खाली घेतल्यासारखं वाटलं. त्यानं आरसे पुसून काढले आणि दुकान लवकर बंद केलं.

मग बातमी आली. चौकशीपुढे सरकारी वकिलांनी तेच बसस्थानकाचं दृश्य पुरावा म्हणून ठेवलं होतं. बातमीदार स्वेच्छेनं निघून गेला, सबब शोध थांबवावा. बाईंनी आरडाओरडा केला, हे आम्ही रचलेलं आहे म्हणाल्या. तेव्हा मूळ चित्रण तपासासाठी जप्त झालं आणि तपासात ते खराब निघालं. बाई आणि त्यांची माणसं काय वाटेल ते सांगतील, त्यांना माहितीपट खपवायचाय, असं वकिलांनी म्हणून टाकलं.

बाई दुकानात आल्या तेव्हा त्यांचे डोळे सुजले होते. "चूक आमची आहे," त्या म्हणाल्या, "एका पट्टीची. ती निस्तरायला आता तुमच्याशिवाय कुणी नाही. तुम्ही उभं राहून एवढंच सांगायचं, की तो मी आहे. नाही सांगितलंत तर फाइल बंद होईल आणि त्याला पुन्हा कुणी शोधणार नाही. ताईंचा तरी विचार करा."

घुम्यानं उत्तर द्यायच्या आत एक गिऱ्हाईक आलं आणि बाई निघून गेल्या.

हा माणूस आधी कधी आला नव्हता. कपड्यांना अशी इस्त्री, की बसतानासुद्धा घडी मोडली नाही. दाढी करायची म्हणाला. फेस लावून झाला, वस्तरा गळ्यावर टेकला, आणि तो डोळे मिटून, ओठ फारसे न हलवता बोलायला लागला. "तुमचं दुकान छान आहे. आरसे चांगले आहेत. लोक म्हणतात तुम्ही बोलत नाही. फार मोठा गुण आहे हा." वस्तरा हनुवटीखाली होता. "तुम्हाला काही करायचं नाहीये. खोटं बोलायचं नाही, सही करायची नाही. जे आजवर केलंत तेच करायचं. गप्प बसायचं." गळा उघडा टाकून तो माणूस निवांत पडला होता आणि वस्तरा धरणारा एकाच जागेवरून तिसऱ्यांदा पातं फिरवत होता. उठताना त्यानं गालावरून हात फिरवला आणि म्हणाला, "बायकोला सांगा, चष्म्याचं दुकान सोडू नका म्हणावं. आजकाल नोकऱ्या कुठे मिळतात?"

घरी त्यानं हे सगळं बायकोला सांगितलं. एवढं बोलायला त्याला अख्खी संध्याकाळ लागली. तिनं मधे एकदाही तोंड घातलं नाही, हेच नवल. शेवटी ती म्हणाली, "तू हल्ली घरातसुद्धा त्याच्यासारखा चालतोस. मी स्वयंपाकघरात असते, तू बाहेरच्या खोलीत जातोस, आणि मला वाटतं घरात कुणीतरी परका माणूस आहे. मला भीती वाटते तुझी." तिचे डोळे भरून आले. "जा आणि सांगून टाक की तो तू आहेस. तू मला परत हवायस. नोकरीचं बघू."

त्याला तेवढं पुरलं. बहिणीसाठी जायचं हे त्यानं दुपारीच ठरवलं होतं, पण धीर होत नव्हता. तो आता आला.

चौकशीची खोली मोठी होती आणि तिला लागूनच्या आवारात झाडं होती. लांब टेबल, पाण्याचे पेले, भिंतीवर पडदा. बायको फाटकाशी थांबली. आत तिला सोडलं नाही. पुढच्या ओळीत बहीण बसली होती. दाढीला आलेला इस्त्रीवाला अगदी मागे, भिंतीला टेकून. पडद्यावर दृश्य दाखवलं. कोट घातलेला माणूस आला, दारात थबकला, चढला, गेला.

"हा माणूस कोण?" चौकशीच्या साहेबांनी विचारलं.

"मी."

एवढा एकच शब्द, पण तो उच्चारताना घुम्याला छातीवरून धोंडा उतरल्यासारखं वाटलं. मागे कुजबुज झाली. वकील उठले.

"कशावरून तुम्ही?"

"माझी पाठ आहे ती."

"स्वतःची पाठ कधी पाहिलीय तुम्ही?"

लोक हसले. घुम्या म्हणाला, "दुकानात रोज दिसते." आता लोक वकिलांना हसले. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या बोलण्यावर कुणी हसलं होतं आणि त्याला जरा हुरूप आला. त्यानं सांगितलं, कॅमेरा कुठे बांधला होता, बसचा चालक कसा खेकसला, कोट कुणी आणला होता. सलग, न अडखळता. बाई टेबलाशी बसून डोळे पुसत होत्या.

साहेब सज्जन दिसले. म्हणाले, "चालून दाखवा."

तो सगळ्यांकडे पाठ करून भिंतीपर्यंत चालत गेला. पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. त्याला आपली पावलं ऐकू येत होती, पण ती आपल्यापासून थोडी मागे पडत असल्यासारखी. भिंतीशी तो थांबला. कुणी वळा म्हणेना, म्हणून तो तसाच उभा राहिला, चुना पाहत.

"बाई," साहेब बहिणीला म्हणाले, "तुमचा भाऊ तुमच्या डोळ्यांसमोर वाढला. तुमचा शब्द मी अखेरचा मानीन. नीट बघून सांगा. पडद्यावर आहेत ते हे गृहस्थ आहेत, की तुमचा भाऊ?"

तिनं आधी भिंतीशी उभ्या पाठीकडे पाहिलं, मग पडद्याकडे.

"माझा भाऊ आहे," ती म्हणाली.

घुम्या वळला. वळायला नको होतं, पण त्याला राहवलं नाही. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर ओळख म्हणून काही उमटलं नाही.

"यांना तुम्ही कोट दिला होता?" वकिलांनी हळूच विचारलं.

"कोट त्याच्या अंगावर आहे. दिसतोय की." तिनं पडद्याकडे बोट दाखवलं. "यांचा चेहरा मी आज पहिल्यांदा पाहतेय." आणि हे अक्षरशः खरं होतं. त्यामुळे तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही.

साहेबांनी लिहून घेतलं. बातमीदार स्वेच्छेनं निघून गेला, शोध थांबवण्यात येत आहे. इस्त्रीवाल्याला आनंद व्हायला हवा होता, पण तोही खाली मान घालून बुटांकडे बघत बसला होता.

बाई धावत बहिणीपाशी गेल्या. "ताई, तुम्हाला कळतंय का, तुम्ही काय केलंत?"

"कळतंय," ती म्हणाली. "आता मला चादरी उचलायला कुणी बोलावणार नाही. तो बसमध्ये बसलाय."

घुम्या बाहेर पडला. त्याला कधी नव्हे एवढा संताप आला होता. जन्मात एकदा तोंड उघडलं, जिच्यासाठी उघडलं तिनंच ते सगळ्यांदेखत खोटं पाडलं. आता हिला गाठायचं आणि चार शब्द सुनवायचे, असं ठरवून तो पायऱ्या उतरला. फाटकाशी बायको दिसली. ती हात वर करणार तेवढ्यात त्याच्या मागून आवाज आला.

"वळू नकोस."

तो थांबला.

"चाल. मी येते मागून. थोडंच येते."

तो चालायला लागला. बायकोनं त्याचा चेहरा पाहिला, त्याच्या मागे येणारी बहीण पाहिली, आणि वर केलेला हात खाली घेतला. तो तिच्या शेजारून गेला तरी तिनं त्याला हाक मारली नाही. खालचा ओठ दातांत धरून ती बाजूला सरकली.

रस्ता रुंद होता, दुपारचा, रिकामा. मागची पावलं त्याच्या पावलांत पावलं टाकत येत होती. ती बोलत होती. रागावत होती, की इतके दिवस एक फोन नाही, आई तुझं नाव घेत घेत गेली, तुला काही वाटतं की नाही. सांगत होती, की तुझी खोली झाडून ठेवलीय, पुस्तकांना वाळवी लागली होती, ती उन्हात घातली. घुम्या ऐकत होता. ऐकण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्याचा राग कुठे गेला हे त्याला समजलं नाही. डावा खांदा आपोआप पुढे झाला होता.

चौकाच्या अलीकडे मागची पावलं थांबली.

"आता जा तू," ती म्हणाली. "इथे फिरकू नकोस. ही माणसं चांगली नाहीत. आणि पोचलास की कळव. कळवशील ना?"

सकाळी सगळ्या जगासमोर उभा राहून जो खरं बोलला होता, त्यानं डोळे मिटले.

"हो, ताई," तो म्हणाला.

मागे एक हुंदका आला आणि मग काहीच आलं नाही. ती गेली की तिथेच उभी आहे, हे बघायचं तर वळावं लागलं असतं. तो चालत राहिला. चौक ओलांडला, पलीकडच्या रस्त्याला लागला. घर मागच्या बाजूला होतं.